चेकचे उरलेले चार दिवस

मे महिन्याची सुट्टी लागायला दोन दिवस राहिले की आमच्या नाशिकच्या जिल्हा न्यायालयाला शेजारच्या सीबीएस एसटी स्टँडची कळा येते. तारीख घेणारे, जामिनाला आलेले, नोटरीसमोर रांग लावलेले, सगळे एकदमच. त्या गर्दीतून वाट काढत दिंडोरी तालुक्यातले बापलेक माझ्या वकिलीच्या टेबलापाशी आले. मागे चुलता. तो टेबलाजवळ येईना, खांबाला टेकून उभा राहिला.

बापाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक नोटीस काढली. पंचवीस लाखांची नुकसानभरपाई, लेखी माफी, नाहीतर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची फौजदारी. पाठवणारा द्राक्षांचा व्यापारी.

"ताई, पैसे त्यानं बुडवले आन् नोटीस आम्हाला," बाप म्हणाला.

झालं होतं ते असं. जानेवारीत व्यापाऱ्याने बागेत येऊन सौदा केला. नव्वद क्विंटल माल, किलोला पंचेचाळीसचा भाव, म्हणजे चार लाख पाच हजार. लाखभर रोख दिले, बाकीचा चेक. "आत्ता टाकू नका, खात्यात पैसे येतायत," असं करत करत एप्रिल आला. शेवटी चेक टाकला आणि तो परत आला. मग पोरानं, वय चोवीस, व्यापाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी उचलला, खाली लिहिलं: "हा चोर आहे. आजपर्यंत पन्नास शेतकरी बुडवलेत. दिसला की फटके द्या." गावच्या द्राक्ष ग्रुपवर टाकलं. तिथून ते निफाड, चांदवड, पार सांगलीपर्यंत गेलं म्हणे.

"खरं लिहिलंय मॅडम. खऱ्याची बदनामी कशी होईल?"

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी ऐकते. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की बचाव पुरा होतो. फौजदारीत कायद्याला आणखी थोडं हवं असतं. दहा अपवादांपैकी पहिलाच सांगतो, की गोष्ट खरी पाहिजे आणि ती सांगणं लोकहिताचंही पाहिजे. इतर बागायतदारांना सावध करणं लोकहितात बसवता आलं असतं. पण मी विचारलं, "पन्नास कोण कोण?"

तो बोटं मोजायला लागला. दोनवर थांबला. एक तो स्वतः, एक त्याच्या मित्राचा मावसा.

"आणि फटके द्या हे कुठल्या खऱ्यात बसतं?"

पोरगा हुशार होता, रीलवर ऐकलेलं बोलला. आयटी कायद्यातलं सहासष्ट ए कलम तर सुप्रीम कोर्टानं उडवलंय, आता ऑनलाइन काहीही लिहिता येतं. अर्धं बरोबर होतं. 2012 साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली, त्यावरून गदारोळ झाला आणि 24 मार्च 2015 ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या मे महिन्यात फौजदारी बदनामीचं कलम कायम ठेवलं, हे रीलवाला सांगायला विसरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा आता नव्या कायद्यात समाजसेवाही. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे पोलिस रात्री दारात येणार नव्हते. ज्याची बदनामी झाली त्याने मॅजिस्ट्रेटकडे यायचं, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कोर्टाने दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणंही ऐकायचं. पंचवीस लाखांचं म्हणाल तर आकडा नोटिशीत लिहायला काही लागत नाही. दावा लावताना त्यावर कोर्ट फी भरावी लागते, तेव्हा पुष्कळांचा आकडा उतरतो.

एवढ्यात खांबाजवळचा चुलता पुढे सरकला. "मी ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. मला आत टाकतील का?" मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच सांगितलंय की दुसऱ्याच्या मेसेजसाठी, संगनमत नसेल तर, निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत बसला आणि चहा मागितला.

माझं लक्ष मात्र पिशवीतल्या दुसऱ्या कागदाकडे गेलं होतं. बँकेचा रिटर्न मेमो. तो हातात पडून सव्वीस दिवस झाले होते. चेक न वटल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, नाहीतर कलम 138 ची केस बसत नाही. चेकची तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली. तीन महिने उलटले होते, म्हणजे तो पुन्हा बँकेत टाकायचीही सोय नाही. सव्वीस दिवस हा पोरगा मेसेज कुठे कुठे पोचला ते मोजत बसला होता. मला राग आला, आणि तो मी लपवला नाही.

चेकची नोटीस तिथेच टाइप केली. मग व्यापाऱ्याच्या वकिलांना फोन लावला. ते ज्येष्ठ, सगळे त्यांना सरच म्हणतो. "पक्षकार आज इथेच आहेत, येतो," म्हणाले.

व्यापारी आला. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. त्याने नुसता मोबाइल पुढे केला. तोच मेसेज फिरत फिरत त्याच्या भावकीच्या ग्रुपवर आला होता. फोटोत तो होता आणि शेजारी त्याची मुलगी, साडी नेसलेली, साखरपुड्यातला फोटो. येताना मेसेजला एक ओळ चिकटली होती, तिच्याबद्दल. ती मी इथे लिहीत नाही.

"हे मी नाही लिहिलं," पोरगा म्हणाला.

"फोटो कोणाचा?" सरांनी विचारलं.

तो गप्प. त्याच्या बापाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरीला नव्हतं घ्यायला पाहिजे," एवढंच बोलला.

मीही गप्प होते, पण कारण वेगळं होतं. तो फोटो मी आधी पाहिलेला होता.

मजकूर ठरवायला तासभर गेला. शेवटी असं ठरलं: 'चोर', 'पन्नास शेतकरी' आणि 'फटके' हे शब्द मागे घेतो. फोटोतल्या मुलीचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, ज्यांच्याकडे फोटो असेल त्यांनी पुसून टाकावा. 3,05,000 रुपयांचा चेक न वटता परत आला असून रक्कम अजून मिळालेली नाही.

"हे शेवटचं कशाला?" व्यापारी उसळला.

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते राहू द्या," म्हणाले. "ते खरं आहे."

व्यापाऱ्याबद्दल मला वाईट वाटलं, पण तीन लाख पाच हजारांइतकं नाही. दोघांच्या नोटिसा मागे घ्यायची गोष्ट सरांनी काढली, तेव्हा बाप म्हणाला, "पैसे जमा होऊ द्या, मग बोलू." चार वाजायच्या आत जीपीओत जाऊन चेकची नोटीस स्पीड पोस्टाने रवाना केली आणि पावती फाइलला लावली.

घरी येऊन मामाची चॅट उघडली. मामाची बाग निफाडला. तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी मला तो मेसेज पाठवला होता आणि मी तो मामाला ढकलला होता, खाली 'सांभाळून' असं लिहून. फॉरवर्ड करणाराही बदनामी पसरवणाराच धरला जाऊ शकतो, हे मी दहा वर्षं पक्षकारांना सांगतेय. तेव्हा मला फोटोत फक्त व्यापारी दिसला होता. मुलगी दिसलीच नव्हती. आता मेसेजवर बोट दाबून धरलं तर 'सगळ्यांसाठी डिलीट' हा पर्याय येईना, मुदत कधीच गेली होती. फक्त माझ्याकडचा पुसता येत होता.

मामाला फोन केला. सगळं सांगितलं, त्याच्याकडचा फोटो पुसायला सांगितला, कुणाकुणाला पाठवला तेही विचारलं.

"अगं, दहाबारा जणांना गेला असंल. सांगतो त्यांना," मामा म्हणाला. मग जरा थांबून, "पण ते सोड. पुढच्या हंगामाला ह्या माणसाला माल द्यायचा का नाही, ते सांग."