घासलेली हेडलाईट टिकते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. बँकेतले सहकारी, अपार्टमेंटमधले शेजारी, माझ्या भावाचे मित्र, सगळ्यांचा पहिला प्रश्न असा असतो: "मॅडम, लाईट नवीन टाकल्या काय?" नाही, जुन्याच आहेत, पिवळ्या पडल्या होत्या, घरी घासल्यात, असं सांगितलं की दुसरा प्रश्न ठरलेला. "टिकतंय काय पण ते?"

घासणं टिकत नाही. घासून झाल्यावर त्या काचेवर तुम्ही काय चढवता, ते टिकतं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण लोक घासण्याच्या कृतीत एवढे रमतात की पुढचा भाग ऐकायच्या आधीच निघून जातात. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पिवळ्या काचा घेऊन तक्रार करतात की असले घरगुती उपाय काही खरे नसतात.

मला या गोष्टीचं एवढं का पडलंय, तेही सांगते. माझी नोकरी गारगोटीला आणि घर कोल्हापुरात. संध्याकाळी पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. गळीत हंगाम सुरू झाला की मुदाळतिट्टा आणि बिद्रीच्या आसपास उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी, आणि मागच्या बाजूला उसाचे शेंडे असे लोंबकळलेले की ट्रॉलीचा मागचा दिवा असलाच तरी त्यांच्याआड झाकलेला. लाल रिफ्लेक्टर लावलेले असतात हे खरं. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. आपल्या गाडीचा उजेड त्याच्यापर्यंत पोचला तर तो आपल्याकडे परत येतो. आपली काच आंधळी असेल, तर समोरच्याने लावलेला रिफ्लेक्टरही आपल्यापुरता नसल्यात जमा.

अमेरिकेत एएए ही वाहनचालकांची मोठी संघटना आहे. तिने २०१८ साली अशा पिवळ्या, धुरकट काचा तपासल्या, तेव्हा नव्या काचेच्या तुलनेत जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत असल्याचं दिसलं. त्याच तपासणीत, बाजारात मिळणाऱ्या घरगुती किटने काचा साफ केल्यावर उजेड ७० टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे घरी केलेलं काम नव्या दिव्याची बरोबरी करत नाही, पण वीसवरून सत्तरवर येणं ही रात्रीच्या रस्त्यावर फार मोठी गोष्ट आहे.

आपण सगळे तिला काच म्हणतो, मीही म्हणते, पण ती काच नाही. माझे सासरे ठासून सांगतात, "आमच्या ॲम्बॅसेडरच्या लाईट कधी पिवळ्या पडल्या नाहीत." त्यांचं बरोबर आहे. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीचे ते गोल दिवे खऱ्या काचेचे होते. आजच्या गाड्यांचे दिवे पॉलिकार्बोनेटचे असतात. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी हे प्लास्टिक तयार केलं, आणि जवळपास त्याच सुमाराला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांच्याही हाती ते स्वतंत्रपणे लागलं. हलकं, हव्या त्या आकारात ओतता येणारं, आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारं. मात्र त्याच्या दोन दुखऱ्या जागा आहेत. एक तर त्यावर ओरखडा पटकन उठतो. दुसरं म्हणजे उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. बरीच वर्षं ऊन खाल्लं की आधी तो थर मरतो. त्याला बारीक भेगा पडतात, कडेकडेने पापुद्रे सुटतात, मग खालचं प्लास्टिक उघडं पडतं. शाखेसमोर मी गाडी लावते तिथं डाव्या दिव्यावर झाडाची सावली येते आणि उजवा दिवा दुपारभर उन्हात असतो. उजवी काच नेहमी आधी खराब होते.

हे समजलं की टूथपेस्टचं कोडं आपोआप सुटतं. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. ती वरवरची पिवळी झिलई काढते आणि काच चमकते. पण जो अर्धामुर्धा थर उरला होता, तोही त्यात जातो, आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. उघडं प्लास्टिक पुन्हा उन्हात. उद्या सकाळी कुठं लग्नाला जायचंय आणि गाडी बरी दिसावी, एवढ्यापुरतं ठीक आहे. त्यापेक्षा जास्त अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका.

डासांसाठी अंगाला मारायचा, डीट असलेला स्प्रे काचेवर मारून पुसायचा, असाही एक उपाय मोबाईलवर फिरत असतो. तो मात्र करूच नका. डीट पॉलिकार्बोनेटला विरघळवतं. वरचा पापुद्रा मऊ होऊन पसरतो म्हणून क्षणभर चमक दिसते, पुढे काच चिकट होते, तडकते. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांचंही तेच. यातल्या कशानेही पुसलेली काच नंतर घासूनसुद्धा सरळ होत नाही, कारण तडे आतपर्यंत गेलेले असतात.

कामाला हात घालायच्या आधी एक सोपी परीक्षा घ्या. काचेवर पाणी ओता. ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, घासून जाईल. ओली करूनही धुरकटच दिसली तर दोष बहुधा आत आहे. आत पाण्याचे थेंब असतील तर दिव्यामागचं रबरी झाकण नीट बसलंय का, हवा जायची बारीक नळी चिखलाने बुजली आहे का, ते बघा. दिव्याच्या आतल्या, उजेड पुढे फेकणाऱ्या रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा काळवंडला असेल, तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही.

आता घासण्याविषयी. गाडी सावलीत घ्या, दिवे साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, आणि काचेच्या भोवतीच्या बॉनेट-बंपरच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन थर लावा. एक थर पुरत नाही, ८०० चा पेपर एका घसरणीत टेप फाडून रंगाला लागतो. पेपर म्हणजे वॉटर पेपर, पाण्यातून घासायचा; त्याचा आकडा जेवढा मोठा तेवढा तो बारीक. थोडा वेळ भिजत ठेवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका, आणि पेपराच्या मागे स्पंजचा तुकडा धरा. नुसत्या बोटांनी दाबलं की बोटांच्या रेषेत काच जास्त झिजते आणि तिथं लाटा उठतात.

जुना थर ठिकठिकाणी टिकून असेल तर ८०० पासून सुरुवात करा. इथं घाई करू नका, सगळं काम याच पेपरावर ठरतं. सुरुवातीला गळणारं पाणी पिवळसर असतं. जुना थर पूर्ण निघाला की ते ताकासारखं पांढरं होतं. पाणी सगळीकडे पांढरं येईपर्यंत पुढचा पेपर हातात घेऊ नका. अर्धा थर राहिला तर पुढे कितीही बारीक पेपर मारला तरी काचेवर नकाशासारखे डाग दिसत राहतात, आणि ते वरून काहीही लावून झाकले जात नाहीत.

मग १०००, मग १५००. आधीचा पेपर आडवा मारला असेल तर पुढचा उभा मारा. त्याने मागच्या पेपराच्या रेषा गेल्या की नाही ते कळतं. प्रत्येक वेळी काच पूर्ण पुसून, वाळवून बघा. ओली काच फसवते, ती नेहमीच चांगली दिसते. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षाही वाईट, सगळा दुधी दिसतो, आणि घरातली माणसं बाल्कनीतून "वाट लावलीस की गं लाईटची!" म्हणून ओरडतात. ओरडू द्या.

इथून दोन रस्ते फुटतात. घरीच संपवायचं असेल तर २०००, ३००० असे पेपर मारून कंपाउंडने, म्हणजे पॉलिशच्या पेस्टने, पॉलिश करा. ड्रिलला फोमचा पॅड लावून करत असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक भाजतं. काच लखलखीत होईल. पण तिच्यावर अतिनील किरण अडवणारं काहीच नाही, हे विसरू नका. त्यासाठीचं सीलंट मिळतं, ते लावा आणि पुन्हापुन्हा लावत राहा. साधं वॅक्स पावसाच्या एका हंगामात धुऊन जातं.

दुसरा रस्ता मी घेते, आणि विचारणाऱ्यालाही तोच सांगते. १५०० वर थांबायचं आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर, मारून घ्यायचा. गाडीच्या रंगावर मारतात तोच, हार्डनर मिसळायचा, दोन घटकांचा क्लिअर, फक्त उन्हाला टिकणारा हवा. पहिल्यांदा मी उद्यमनगरातल्या पेंटरमामांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लई गुळगुळीत करून आणू नका मॅडम, रंग धरत न्हाई." १५०० च्या बारीक रेषा क्लिअर भरून काढतो आणि त्यांच्याच आधाराने घट्ट बसतो. दुधी काचेवर तो पडला की काच डोळ्यांदेखत पारदर्शक होते. त्याआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायची, थिनरने नाही. पहिला हात अगदी हलका, नुसता फवारा. एकदम जाड हात दिला तर क्लिअरमधला द्रवच प्लास्टिकला खातो. तो हात जरा सुकला की पुढचे दोन.

हे शेवटचं काम मी घरी करत नाही, तुम्हीही करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो, आणि आपण कोरोनात घालत होतो ते कापडी मास्क त्याला अडवत नाहीत. त्याला गॅस अडवणारा काडतुसाचा मास्क लागतो आणि मोकळी हवा लागते. पार्किंगमध्ये मुलं सायकली फिरवत असताना हे मारणं योग्य नाही. घासायचं काम वेळखाऊ, मजुरीचं, ते आपण करावं. फवारा ज्याच्याकडे सामान आणि सवय आहे त्याच्याकडून घ्यावा. दिवा घासून तयार नेला तर पेंटर दोन काचांचे फार पैसेही घेत नाही. पेंटर नकोच असेल तर काचेवर चिकटवायची पारदर्शक फिल्म मिळते, पीपीएफ म्हणतात ती. तीही ऊन अडवते आणि महामार्गावरच्या खड्यांपासूनही वाचवते. फक्त तिच्यासाठी खालची काच शेवटपर्यंत पॉलिश केलेली लागते.

कोल्हापुरात हे काम कधी करायचं, तर दसऱ्याच्या पुढे. जून ते सप्टेंबर नाव काढू नका. हवेत ओल असली की क्लिअर सुकताना पांढुरका पडतो. दसऱ्याला गाड्या धुऊन हार घालायचे असतातच, त्याच आठवड्यात दिवेही उरकावेत. त्यानंतर लवकरच कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ट्रॉल्या रस्त्यावर येतात.

उजेड कमी पडतो म्हणून काच तशीच ठेवून मोठा बल्ब टाकणारे पुष्कळ आहेत. हेडलाईटचा नेहमीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा (अप्पर/डिपर) असतो, त्या जागी १००/९० वॅटचा बसवतात. धुरकट काच उजेड अडवते आणि उरलेला विखरून टाकते. बल्ब वाढवला की विखुरलेला उजेडही वाढतो, तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि आपल्या रस्त्यावर फारसं काही पडत नाही. वर जास्तीच्या उष्णतेने होल्डर आणि रिफ्लेक्टर भाजतात ते वेगळंच. आधी काच बघा, मग वायरिंग, आणि बल्ब सगळ्यात शेवटी.

काच साफ झाल्यावर फोकसही तपासून घ्या. इतके दिवस धुरकटपणात लपलेला चुकीचा फोकस आता स्पष्ट दिसतो. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. साधारणपणे उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली पडायला हवी. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून ती कड डावीकडे थोडी वर चढलेली असणं बरोबर आहे.

काचेत खोलवर तड्यांचं जाळं असेल तर घासत बसू नका, दिवा बदला. दुचाकीच्या दिव्यांनाही हीच कृती चालते, काच लहान म्हणून काम लवकर होतं. हेल्मेटच्या काचेबद्दलही बरेच जण विचारतात. ती घासू नका. तिच्यातून आपण थेट बघतो, जराशी लाट राहिली तरी रात्री समोरचे दिवे फाटलेले दिसतात. ती नवीनच आणा.