पाच जणांचं वर्ष, एक अल्बम

दिवाळीचा फराळ संपला की ग्रुपवर कुणीतरी टाकतोच, 'यंदा वर्षाचा अल्बम करायचाच भावांनो.' सगळे अंगठे दाखवतात, दोघं चाळीस-चाळीस फोटो ग्रुपवरच ओततात आणि गुढीपाडव्यापर्यंत विषय संपलेला असतो. सगळे याला आळस म्हणतात, पण खरं तर कामाचा क्रम चुकलेला असतो. डिझाइन आधी सुरू होतं, निवड नंतर होते आणि मूळ फायली आठवतात अगदी शेवटी, लॅबवाला 'फोटो फाटतोय' म्हणाला की.

आम्हा पाच कोल्हापूरकरांचं वर्ष असं: चैत्रात जोतिबा, पावसात राऊतवाडीचा धबधबा आणि गगनबावडा, सप्टेंबरात मसाई पठार नाहीतर कास, दसरा चौकातलं सीमोल्लंघन, त्रिपुरीला पंचगंगा घाट, थंडीत गुऱ्हाळ आणि खिद्रापूरचं देऊळ. एवढ्या फेऱ्या, दोन कॅमेरे आणि पाच फोन धरले तर पाच-सहा हजार फोटो सहज साठतात. अल्बमात जातात शंभर ते एकशेवीस. म्हणजे पन्नासातला एक. ही गाळणी बसवायची तर आधी सगळा माल एका जागी आणि मूळ रूपात हवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर येतो. ४×६ इंची प्रिंटला तेवढं पुरतं. तोच फोटो ८×१२ ला काढला तर इंचाला १३३ पिक्सेल उरतात आणि गवत, केस, दगडाचा पोत सगळ्याचा लगदा होतो. त्यात फोटो काढल्याची वेळही फायलीतून उडते. नावात जी तारीख दिसते तिचा भरवसा धरू नका, पन्हाळ्याचा फोटो चार दिवसांनी पाठवला असेल तर तोही चार दिवसांनी सरकतो. फायलीच्या नावात 'डब्ल्यूए' दिसलं की ती बाजूला काढायची आणि ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ मागायची. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. त्याहून सोपं म्हणजे एका रविवारी सगळ्यांनी फोन, केबल आणि कार्ड रीडर घेऊन एकाच्या घरी बसायचं. मिसळ होते, कामही होतं. आयफोनच्या एचईआयसी फायली बऱ्याच लॅबमध्ये उघडत नाहीत, त्यांची शेवटी जेपीईजी करून द्यावी, मूळ मात्र ठेवावी.

फोल्डरला नाव तारखेने सुरू होणारं द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी ठिकाण. मग संगणक आपोआप क्रम लावतो. 'लई भारी ट्रिप फायनल २' या नावाचं फोल्डर मार्चमध्ये कुणालाच ओळखू येत नाही. प्रत्येक फायलीला काढणाऱ्याच्या नावाचं आद्याक्षर जोडा, पुढची निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

यानंतर सगळ्यात दुर्लक्षित काम, घड्याळं. फोन आपली वेळ नेटवर्कवरून घेतो. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र हाताने लावलेलं असतं आणि ते महिनोन्‌महिने हळूहळू घसरतं. सगळे फोटो एकत्र करून वेळेनुसार लावले की गंमत कळते. कॅमेऱ्यातला सूर्योदय फोनमधल्या नाश्त्यानंतर येतो. फरक किती आहे ते पाहिलं की कारण ओळखता येतं. बरोबर बारा तासांचा फरक म्हणजे सकाळ-संध्याकाळ उलटी लागली आहे. बरोबर साडेतीन तास पुढे म्हणजे कॅमेरा अजून जपानच्या वेळेवर आहे. दोन-चार मिनिटं म्हणजे नुसती घसरण. आणि तारीखच भलत्या वर्षाची असेल तर बॅटरी काढून कॅमेरा बरेच दिवस कपाटात पडला होता. आतली छोटी बॅटरी मुख्य बॅटरीवरच चार्ज होते, ती उतरली की घड्याळ मूळपदाला जातं. भरलेली बॅटरी घालून कॅमेरा दिवसभर ठेवला तर ती बहुधा पुन्हा धरते.

उपाय दहा सेकंदांचा आहे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एकाच्या फोनवर सेकंदांसकट घड्याळ उघडायचं आणि प्रत्येक कॅमेऱ्याने त्या पडद्याचा एक फोटो काढायचा. घरी आल्यावर पडद्यावर दिसणारी वेळ आणि फायलीत नोंदलेली वेळ यांची वजाबाकी केली की नेमका फरक मिळतो. लाइटरूममध्ये 'एडिट कॅप्चर टाइम' आहे, फुकटातलं डिजीकॅमही हेच काम करतं. दुरुस्ती करताना त्या कॅमेऱ्याचे त्या फेरीतले सगळे फोटो एकदम निवडा, आणि ती सगळ्यांचे फोटो एकत्र करायच्या आधी करा. घड्याळाचा फोटो नसेल तर दोन्हींत सापडणारा एक क्षण शोधावा लागतो, केक कापतानाची सुरी, गाडीचं उघडणारं दार, पाण्यात मारलेली उडी. जमतं, पण डोळे जातात.

निवड तीन फेऱ्यांत करावी आणि दोन फेऱ्यांमध्ये निदान आठवडा जाऊ द्यावा. पहिल्या फेरीत फक्त निकामी फोटो काढायचे, हललेले, चुकून बुटांचे निघालेले, सगळ्यांचे डोळे मिटलेले. चांगला-वाईट हा विचार अजिबात करायचा नाही. एका फोटोला एक-दोन सेकंद धरले तरी सहा हजारांना दोन-तीन तास जातात. दुसऱ्या फेरीत एका प्रसंगाचा एकच फोटो ठेवायचा. धबधब्यासमोरचे सतरा फोटो शेजारी शेजारी उघडा, हसू बघू नका, हात बघा. मोकळे हात आणि एकमेकांकडे वळलेले खांदे दिसले की तोच फोटो. तिसरी फेरी एकट्याने करायची. पाच जणांच्या मतांनी केलेला अल्बम म्हणजे पाच जणांच्या आवडत्या सेल्फी. प्रत्येकाने पंधरा फोटो हक्काने सुचवावेत, उरलेलं एका संपादकावर सोडावं, आणि हे काम दर वर्षी वेगळ्या माणसाकडे जावं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून प्रवासातच फोटो उडवायची सवय मात्र सोडा, तीन इंची पडद्यावर हललेलाही फोटो ठणठणीत दिसतो.

मग डोकी मोजायची. कागदावर पाच नावं लिहा आणि प्रत्येक जण किती फोटोंत आहे त्याच्या रेघा मारा. ज्याने सगळ्यात जास्त फोटो काढले तो बहुतेक वेळा सगळ्यात कमी फोटोंत सापडतो. मग दुसऱ्यांच्या फोनमधून त्याचे फोटो मुद्दाम उकरून काढायचे, अगदी कॅमेऱ्यामागे वाकलेला असला तरी. एकाच्या रेघा चार आणि दुसऱ्याच्या चाळीस असा अल्बम हातात पडला की पहिला काही बोलत नाही, पण दुसऱ्यांदा उघडत नाही. आणि मध्येच कुणाशी बिनसलं असेल तर त्याला कापून टाकू नका. मार्चमध्ये तो होता, मार्चच्या पानावर असू दे.

निसर्गाचे फोटो निर्दयपणे कमी करावेत. धुक्यातल्या पन्हाळ्याचे तीस फोटो वर्षाअखेरीला एकसारखेच दिसतात. शिवाय पांढरं धुकं बघून कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी काढतो. काढतानाच एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) पाऊण-एक स्टॉप वाढवायला हवं होतं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल असेल तर नंतर वाढवता येतं, फोनच्या जेपीईजीत थोडंच. असा एक मोठा फोटो पुरे, त्याला जोडून थर्मासमधला चहा ओतणाऱ्या हाताचा एक छोटा.

एखाद्या जागेला मात्र सलग पानं द्यावी लागतात. गुऱ्हाळ हे त्यातलं. एका फोटोत ते मावत नाही, कारण तिथं क्रम आहे. चरकातून पडणारा हिरवट रस, चुलवाणात चिपाड सारणारा माणूस, काईलीवरचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवरचा फेस आणि मळी काढणं, पाक आला की नाही हे नजरेने तोलणारा गुळव्या, वाफ्यात (गूळ थंड करायच्या उथळ हौदात) ओतलेला सोनेरी गूळ आणि शेवटी फडक्यात उभा राहिलेला रवा, म्हणजे गुळाची ढेप. सहा फोटो, उजवीकडे चालत जाणारे. काईलीचा फोटो वाफेच्या मागून उजेड येईल अशा बाजूने काढलेला निवडा. समोरून फ्लॅश मारलेल्यात नुसती पांढरी भिंत दिसते. वाफेने लेन्सवर बाष्प धरलं असेल तर त्या दोन-चार मिनिटांतले सगळे फोटो मवाळ असतात, त्यांत वेळ घालवू नका. आणि सहाव्या फोटोनंतर सातवा असतोच, ताटात गरम गूळ आणि त्यावर तुटून पडलेले पाच हात. अल्बममध्ये सगळ्यात जास्त वेळा बघितलं जाणारं पान तेच.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटेचे फोटो जुळवताना रंगांचा घोळ होतो. पणत्यांचा उजेड गर्द नारिंगी, कॅमेरा तो तसाच ठेवतो, फोन तो पुसून पांढरट करतो. एकाच पानावर दोन्ही आले की दोन वेगळे घाट वाटतात. सगळ्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा तोल, ३२०० ते ३५०० केल्विनच्या आसपास आणला की जुळतं. पुढच्या वेळेसाठी, नोव्हेंबरात इथला सूर्य साडेसहाच्या पुढेमागे उगवतो, त्यामुळे आकाश निळं आणि पणत्या तेवत्या असा वेळ सहा ते सव्वासहा एवढाच. ट्रायपॉडवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, लेन्सचं छिद्र एफ/८ आणि शटर चार ते आठ सेकंद उघडं. पायऱ्यांवर माणसांची ये-जा असेल तर ट्रायपॉड भिंतीलगत लावा.

वर्षाचे फोटो एकत्र बघताना कॅमेऱ्याची तब्येतही कळते. जोतिबाच्या यात्रेनंतरच्या प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी तोच ठिपका असेल तर गुलाल लेन्समागच्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर बसला आहे. यात्रेत लेन्स बदलायचीच नाही, आणि काचेवर बसलेला गुलाल कोरड्या फडक्याने पुसायचा नाही, आधी ब्लोअरने (हवेच्या रबरी फुंकणीने) उडवायचा, नाहीतर कोटिंगवर ओरखडे उठतात. श्रावणानंतरचे फोटो उजेडासमोर धुरकट येत असतील तर टॉर्च लावून लेन्सच्या आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. इथल्या जुलै-ऑगस्टमध्ये लेन्स चामडी पाकिटात ठेवणं म्हणजे तिला खतपाणी घालणं. झाकणाचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत.

छपाईत फसगत होते ती आकाराच्या प्रमाणात. फोनचा फोटो ४:३, कॅमेऱ्याचा ३:२ आणि ४×६ चा कागदही ३:२. म्हणून फोनचा फोटो त्या कागदावर भरला की अर्धा इंच उडतो, वर देवळाचं शिखर नाहीतर खाली पायातल्या चपला. अशा फोटोंना ६×८ घ्या किंवा बाजूला पांढरी पट्टी सोडायला सांगा. करिझ्मा अल्बमची (लग्नात असतो तसा पानभर छापलेला) १२×३६ ची जोडपानं मोहात पाडतात, पण १२ मेगापिक्सेलचा फोन फोटो तिथं पसरवला की कापाकापीनंतर इंचाला ११० च्या आसपास पिक्सेल उरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला १६५ च्या वर मिळतात, ते चालतं. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना इंचभर कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून फोटो उजळले तर प्रिंट काळपट येते, म्हणून उजेड निम्म्यावर आणा आणि आधी चार फोटोंची ४×६ ची चाचणी प्रिंट काढा. फायली एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या. कागद मॅट घ्या, चकचकीत प्रिंटा पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात. चिकट पानांचे जुने 'मॅग्नेटिक' अल्बम तर नकोच, काही वर्षांत डिंक पिवळा पडतो आणि फोटो सोलून काढावा लागतो.

फोटोखाली काय लिहायचं? ठिकाण, तारीख, कोण कोण, आणि फोटो कुणी काढला. शिवाय फोटोत न दिसणारी एक गोष्ट, गाडीत पेट्रोल संपलं होतं, पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या कुणी संपवल्या, परतताना कुणाचा ताप वाढला होता. हे महिनाभरात लिहून काढावं, नंतर प्रत्येकाला वेगळंच आठवतं. जिथं कॅमेरा नेता येत नाही तिथल्या पानावर फोटो शोधत बसू नका. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवाची तारीख लिहा, त्या दिवशीचं एसटीचं तिकीट चिकटवा.

मूळ फायली दोन हार्ड डिस्कवर आणि एक प्रत ऑनलाइन. रॉ फोटो साधारण २५ एमबीचा, म्हणजे तीन हजारांचे ७५ जीबी, फोनचे फोटो-व्हिडिओ धरून वर्षाला दीडशे-दोनशे जीबीचा अंदाज ठेवा. दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली या भागांत पाणी घरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतलं बरंच काही भिजलं. एक डिस्क ग्रुपमधल्या उंचावर राहणाऱ्याकडे, वरच्या मजल्यावर. सहा महिन्यांतून एकदा ती लावून चार फोल्डर उघडून बघायचे, आणि अल्बमच्या मागच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचं की डिस्क कुणाकडे आहे.