टायची गाठ

सकाळी सव्वासातला कॅज्युअल्टीतून फोन आला. "तुमचा एक सिकलसेलचा पेशंट आलाय. दहापैकी दहा दुखतंय म्हणतो, पण दिसत तर नाही तसं."

हातातला चहा तसाच ठेवून मी खाली धावलो. दक्षिण लंडनमधल्या एका रुग्णालयात मी सिकलसेलचा नर्स आहे. मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला, नर्सिंग नागपूरला केलं. नागपूरला वॉर्डात सगळे मला ‘ब्रदर’ म्हणायचे, तो हुद्दा होता. इथले काळे पेशंटही ‘ब्रदर’ म्हणतात, आणि ते भावाला हाक मारावी तसं म्हणतात. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं.

(पुढे ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना विचारूनच लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तो भिंतीलगतच्या खुर्चीत बसला होता. वय चौतीस. आईवडील घानाचे, जन्म लंडनचा, हिशेबनीस म्हणून नोकरी. कडक इस्त्रीचा निळा शर्ट, कोट, गळ्यात टाय. पाठ ताठ, हात मांड्यांवर, बोटं पसरलेली. पाहणाऱ्याला वाटावं, कुठल्यातरी मुलाखतीला आलाय आणि नाव पुकारायची वाट बघतोय. जवळ गेल्यावर दिसलं की कॉलर घामाने भिजून काळपट झाली होती. दर थोड्या वेळाने जबडा आवळला जात होता. आणि बोटं पसरलेली होती ती मूठ वळत नव्हती म्हणून. येऊन पावणेदोन तास झाले होते.

इंग्लंडमध्ये याबद्दलची मार्गदर्शक सूचना २०१२ पासून आहे. सिकलच्या दुखण्याने आलेल्या माणसाला तीस मिनिटांच्या आत वेदनाशामक द्यायचं, आणि आराम पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. हे वाक्य मला पाठ आहे. त्या दिवशी माझ्या रुग्णालयाला ते पाळता आलं नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

मॉर्फिन दिलं, सलाइन लावलं, ऑक्सिजन बघितला. छाती तपासायची म्हणून म्हटलं, टाय जरा सैल करतो. तर त्याने माझा हात धरला. "राहू दे. औषध चढेपर्यंत राहू दे."

पुढच्या अर्ध्या तासात त्याने तुटक तुटक सांगितलं ते असं. पहाटे चारला दुखणं उठलं, आधी पाठीत, मग दोन्ही मांड्यांत. टॅक्सी बोलवायच्या आधी त्याने चाळीस मिनिटं कपडे करण्यात घालवली. बटणं लागेनात. टायची गाठ तीनदा चुकली. ट्रॅकपँट आणि हूड घालून तो एकदा आला होता, तेव्हा मॉर्फिन मागितल्यावर त्याच्याकडे कसं बघितलं गेलं ते त्याच्या लक्षात होतं. नशेसाठी आलाय असं कुणी तोंडाने म्हणालं नाही, पण वागवलं तसंच. तेव्हापासून तो टाय लावून येतो. "ओरडलो तर म्हणतात अंगावर येतोय, सिक्युरिटीला बोलवा. गप्प बसलो तर म्हणतात, दुखत नसेल. मग मी कसं दुखायचं, ब्रदर?"

मी काय सांगणार होतो?

विदर्भातल्या वाचकांना हा आजार समजावायची गरज नाही, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढे रक्त जात नाही, आणि जिथे जात नाही तिथे जे दुखतं त्याला आमच्या भाषेत ‘क्रायसिस’ म्हणतात. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मरते. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, मनावरचा ताण, कशानेही दुखणं उठतं. आई आणि वडील दोघेही वाहक (स्वतःला आजार नाही, पण मुलांना देऊ शकतात असे) असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल हा आजार घेऊनच येणार.

मलेरिया जिथे पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हे टिकून राहिलं. म्हणून आफ्रिकेत आहे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांत कॅरिबियनमध्ये आहे, आणि म्हणूनच गडचिरोलीत, चंद्रपुरात, मेळघाटात, नंदुरबारातही आहे. लंडनमध्ये मात्र याला ‘काळ्यांचा आजार’ म्हणतात. त्या नावातच निम्मं दुर्लक्ष आलं. लंडनच्याच ब्रेंट भागात १९७९ साली एलिझाबेथ अनिओन्वू या नर्सबाईंनी सिकल आणि थॅलेसेमियाचं देशातलं पहिलं समुपदेशन केंद्र उभं केलं, ते याच दुर्लक्षाशी भांडून. माझी आजची खुर्ची त्यांच्यामुळे आहे असं मी मानतो. आणि तरीही एप्रिल २०१९ मध्ये इव्हन नेथन स्मिथ नावाच्या २१ वर्षांच्या मुलाला उत्तर लंडनमधल्या एका रुग्णालयात, वॉर्डातल्या पलंगावरून, ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन लावून ऑक्सिजन मागावा लागला. तो वाचला नाही. त्यानंतर खासदारांच्या गटाने चौकशी केली, नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल आला, त्यात वंशभेदाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. आमच्या प्रत्येक काळ्या पेशंटला त्या मुलाचं नाव माहीत आहे. टायवाल्यालाही होतं.

दुपारपर्यंत दुखणं दहावरून सहावर आलं. त्याला वॉर्डात घेतलं. योगायोगाने तो गुरुवार होता, आणि महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या वॉर्डातल्या बसायच्या खोलीत फक्त पुरुषांची बैठक असते. सिकल असलेले सात-आठ जण येतात. चहा, बिस्किटं, कुणीतरी घरून जोलोफ, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा मसालेभात, आणतं. खरं सांगायचं तर तोवरच्या बैठकांत फुटबॉलच जास्त व्हायचं. टायवाला म्हणाला, येतो, पण बोलणार नाही. मी त्याला व्हीलचेअरवर बसवलं, सलाइनचा स्टँड सोबत घेतला. टाय एव्हाना निघाली होती. ती त्याने घडी करून खिशात ठेवली होती.

त्या दिवशी बसवाले अंकल बोलले.

त्यांना सगळी तरुण पोरं अंकलच म्हणतात, म्हणून मीही. वय अठ्ठावन्न. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६ पासून बार्बाडोसमध्ये जाऊन माणसं भरती केली, त्या काळात त्यांचे वडील कंडक्टर म्हणून इथे आले. अंकल स्वतः बस चालवतात. सिकलने मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे पाणी भरपूर प्यावं लागतं आणि सारखं जावंही लागतं. बसच्या फेरीत जाणार कुठे? म्हणून ते पाणीच पीत नसत. पाणी नाही म्हणून दुखणं उठे. आणि दुखलं तरी गाडी चालवायची म्हणून पॅरासिटामॉलच्या पुढचं काही घेत नसत. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

एका तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने चाचरत विचारलं होतं की रात्री ‘तो त्रास’ आणखी कुणाला होतो का. खोलीत एकदम शांतता. सिकलमध्ये बऱ्याच पुरुषांना होणारा हा त्रास आहे. लिंगाला ताठरता येते आणि उतरतच नाही. वासनेशी त्याचा काही संबंध नाही, रक्त आत अडकलेलं असतं आणि वेदना भयंकर असते. चार तासांच्या वर गेलं तर ती इमर्जन्सी, तरीही उशीर केला तर कायमचं नुकसान. मी हे पत्रकात छापून देतो. पत्रक घडी होऊन खिशात जातं.

अंकलनी कप खाली ठेवला. "१९९६ साल. अकरा तास मी बाथरूममध्ये बसून काढले. बायको दार वाजवत होती, मी सांगितलं पोट बिघडलंय. दवाखान्यात जाऊन कुणाला काय दाखवणार? त्यातून काळा माणूस. आमच्याबद्दल लोक आधीच काय काय बोलतात, ते हसतील असं वाटलं. त्यानंतर ते शरीर पूर्वीसारखं राहिलं नाही. बायकोला वाटलं, माझं मन तिच्यावरून उडालं. मी तिला तसं वाटू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. दोन वर्षांनी ती गेली." मग त्या पोराकडे वळून म्हणाले, "तू चार तास थांबायचं नाहीस. दोन तासांत निघायचंस. रात्री तीनला मला फोन कर, मी येतो तुझ्याबरोबर."

पोराने मान खाली घातली आणि रडायला लागला. कुणी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी नाही ठेवला, दुसऱ्या एकाने ठेवला, आणि मला तेच बरं वाटलं.

मग टायवाला बोलला. येताना बोलणार नाही म्हणालेला. जमिनीकडे बघतच म्हणाला, "गेल्या वर्षभरात मला कितीदा वाटलं, परत ते दार नको. दुखणं नको असं नाही, ते दार नको. त्यापेक्षा संपलेलं बरं." थोडं थांबून म्हणाला, "हे मी डॉक्टरला सांगितलं नाही. सांगितलं तर कोंडून ठेवतील."

ही भीती हवेतली नाही. मेंटल हेल्थ ॲक्टखाली सक्तीने दाखल होण्याचं प्रमाण इंग्लंडमध्ये गोऱ्यांपेक्षा काळ्या लोकांत साडेतीन-चार पट आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. मदत मागायला जावं आणि दारात पोलिसांची गाडी यावी, असं घडलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. मग माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणायला शिकतो. लोक म्हणतात पुरुष बोलत नाहीत, काळे पुरुष तर मुळीच नाहीत. मी इतकी वर्षं पाहतोय, ते बोलून पाहतात. एकदा, दोनदा. ऐकणाऱ्याचा चेहरा बघतात आणि मग थांबतात.

मी त्याला सगळ्यांसमोर नाही, बैठक संपल्यावर, वॉर्डात पडदा ओढून सरळ विचारलं. आत्महत्येचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का? हे शब्द उच्चारायला अजूनही जीभ जड होते, पण विचारल्याने विचार बळावत नाही, उलट माणसाला श्वास घेता येतो. तो म्हणाला, विचार येतो, ठरवलेलं काही नाही. आमच्या विभागाची स्वतःची सायकॉलॉजिस्ट आहे. तिला मी त्याच्यासमोरच फोन लावला, काय सांगतोय ते त्याला ऐकू येईल असं बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पहिल्या भेटीत त्याच्या सांगण्यावरून मीही बसलो. कुणी कोंडलं नाही.

पण बैठकीतलंच एक सांगायचं राहिलं. अंकलनी मला विचारलं होतं, "ब्रदर, तू इतकं नीट ऐकतोस, तुला कुठून माहीत हे?" एवढ्या वर्षांत मी कामावर कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, मी वाहक आहे. माझा धाकटा भाऊ एसएस आहे, म्हणजे त्याला हा आजारच आहे. अंकल खुर्चीत पुढे सरकले. "भारतात? तुमच्यात?" मी सांगितलं, आमच्या भागात गावंच्या गावं आहेत. लग्न जमवताना लोक रिपोर्ट लपवतात, मुलीचं तर हमखास. भारत सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा म्हणून, कोट्यवधी लोकांच्या तपासण्या करायचं ठरलं. आणि माझ्या लग्नात माझ्या घरच्यांनी भावाचा आजार सासरी सांगितला नव्हता. मीही गप्प बसलो होतो. बायकोची तपासणी मी गुपचूप करून घेतली, निर्धोक निघाली, आणि मी तो विषय तिथेच पुरला.

कुणी मला बोल लावला नाही. टायवाल्याने एवढंच विचारलं, "तुझ्या भावाला कोण विचारतं?"

रात्री साडेदहाला घरी पोचलो, तिकडे पहाटेचे चार. भाऊ जागा असणार हे मला ठाऊक होतं, थंडीत तो जागाच असतो. नेहमी मी विचारतो, बरा आहेस ना, आणि तो म्हणतो, बरा आहो दादा. त्या रात्री मी विचारलं, "दहापैकी किती दुखून राहिलं बे?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "सहा असन. रोजचंच हाय." आणि मग तो पाऊण तास बोलत होता. दुकानात गिऱ्हाइकासमोर हसतो कसा, गोळ्या काउंटरखाली कुठे ठेवतो, आईला कळू नये म्हणून पांघरुणात तोंड दाबून कसा झोपतो. माझ्या शेजारी बायको उठून बसली होती. फोन ठेवल्यावर तिला सगळं सांगितलं, लग्नाच्या वेळचंही. ती रागावली, आणि तिचं बरोबर होतं.

टायवाला सहाव्या दिवशी घरी गेला. जायच्या आधी आम्ही त्याचा केअर प्लॅन नव्याने लिहिला. हा कागद कॅज्युअल्टीच्या कॉम्प्युटरवर राहतो, कुठलं औषध, किती मात्रा, काय टाळायचं, असं सगळं. सगळ्यात वर एक ओळ मोकळी सोडलेली असते. मी त्याला विचारून टाइप केलं, ‘पेशंट शांत दिसत असला तरी त्याला तीव्र वेदना होत असू शकतात.’

त्याने स्क्रीनवर वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "पेशंट काढ. मी लिही."

मी खोडलं आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं. मी शांत दिसतो. मला दुखतंय. मला विचारा.