रत्नागिरीत लहान मुलांसोबत, तिथी पाहून

भाऊबीज आटोपल्यावर चार आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन आम्ही रत्नागिरीस गेलो आणि गणपतीपुळ्याचा मोह टाळून शहरातच राहिलो, त्यामुळे मुक्कामाव्यतिरिक्तचा खर्च प्रवास आणि जेवणखाण एवढ्यावरच भागला. एसटीत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि त्यापुढे बारा वर्षांपर्यंत अर्धे लागते. रेल्वेने येणाऱ्यांनी मात्र स्थानक शहराबाहेर कुवारबावला आहे हे लक्षात घेऊन रिक्षाभाड्याची तरतूद ठेवावी.

मुले लहान असतील तर दिवसाची आखणी तिथी पाहून करावी, असे माझे मत आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते आणि तिच्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची. तृतीयेला पहाटे सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेआठला समुद्र पार मागे हटलेला असतो. पौर्णिमा-अमावास्येला हीच वेळ संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येते.

त्या हिशेबाने आम्ही सकाळी भाट्ये किनारा गाठला. ओल्या, घट्ट वाळूवर नखाएवढ्या कुर्ल्यांनी आपापल्या बिळांभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी मांडली होती. पावलाची चाहूल लागताच त्या बिळात गडप होत आणि आपण श्वास रोखून बसलो की पुन्हा बाहेर येऊन वाळू तोंडात घेऊन तिची गोळी बाजूला टाकत. एरवी पाच मिनिटे एका जागी न बसणारी धाकटी तेथे इतकी रमली, की तिला उठवायला शेवटी शहाळ्याचे आमिष दाखवावे लागले. काजळी नदी समुद्राला मिळते त्या मुखाकडे मुलांना नेऊ नये, तेथे पाण्याला ओढ असते. सुरूच्या बनाच्या बाजूने राहावे, म्हणजे सावलीही मिळते. पावसाळ्यात मात्र मुलांना पाण्यात उतरवण्याचा विचारच नको.

उन्हाच्या वेळेसाठी झाडगावातील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय योग्य आहे. तिकीट किरकोळ असून देवमाशाचा सांगाडा पाहून थोरल्याचे प्रश्न संपता संपत नाहीत. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी 1910 मध्ये बांधून झालेला थिबा राजवाडा मोठ्यांना अधिक भावतो, मुलांना तेथे मोकळे आवार पुरते. राजवाड्यातील संग्रहालय सोमवारी बंद असते. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान टिळक आळीत आहे, ते अर्ध्या तासात पाहून होते.

रत्नदुर्ग किल्ल्यावर उन्हे उतरल्यावर जावे. वाहन बरेच वर जाते, पुढे पायऱ्या आहेत. भगवती देवीचे दर्शन घेऊन तटावरून मिरकरवाडा बंदरातील होड्या मोजण्याचा खेळ फुकट आणि दीर्घकाळ चालणारा आहे, मात्र तटाजवळ मुलांचा हात सोडू नये. परतीची रिक्षा चढतानाच ठरवून, भाडे बोलून थांबवून ठेवावी, कारण अंधार पडल्यावर वर रिक्षा मिळेलच असे नाही.