प्रेक्षकाला आधी कळले पाहिजे

२००५ साली, आम्ही नववीत असताना, वार्षिक स्नेहसंमेलनात एकांकिकेच्या जागी बारा मिनिटांचा एक रहस्यपट दाखवण्यात आला होता, हे त्या काळच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. शाळेची फिरती ढाल चोरीला जाते, एक मुलगा तिच्या शोधात सुटीच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत शिरतो आणि त्याच वेळी चोर जिना चढू लागतो, एवढीच त्याची कथा. नौपाड्यातल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी आपला मिनी-डीव्ही कॅमेरा रविवारपुरता वापरायला दिला आणि मार्गदर्शनाला चित्रकलेचे सर उभे राहिले. सर प्रभात चित्र मंडळाचे सभासद होते. १९६८ पासून चालत आलेल्या त्या फिल्म सोसायटीचे खेळ मुंबईत पाहून रात्रीच्या लोकलने ठाण्याला परतणारे सर दुसऱ्या दिवशी आमच्या फळ्यावर एखाद्या प्रसंगाच्या चौकटी काढून दाखवत.

पहिला वाद संहितेवरूनच झाला. चोर कोण, हे शेवटच्या मिनिटापर्यंत लपवायचे, असे आमच्यापैकी बहुतेकांचे मत होते, तर सरांनी त्याला दुसऱ्याच मिनिटाला दाखवून टाका, असे सुचवले. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीतले बॉम्बचे उदाहरण मी प्रथम त्या दिवशी ऐकले. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच ठाऊक नसताना तो फुटला, तर प्रेक्षकाच्या वाट्याला पंधरा सेकंदांचा धक्का येतो. पण तो तेथे आहे आणि ठरलेल्या वेळी फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधी कळले, तर टेबलावर बसलेल्यांच्या अगदी निरर्थक गप्पादेखील तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. रहस्य आणि उत्कंठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नववीच्या मुलांना याहून सोपे करून सांगता आले असते, असे मला वाटत नाही.

चोराच्या किल्ल्यांच्या जुडग्याला आम्ही एक घुंगरू बांधले. सुरुवातीला तो चौकटीत दिसत असतानाच त्याचा आवाज प्रेक्षकाच्या कानावर घातला. पुढे तो आवाज आला की माणूस दाखवण्याची गरजच उरली नाही. युक्ती अर्थातच जुनी होती. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ सालच्या ‘एम’ या जर्मन चित्रपटात खुनी शीळ घालतो आणि एक आंधळा फुगेवाला त्या शिळेवरूनच त्याला ओळखतो. नायक कपाट धुंडाळत असताना बंद दारापलीकडे घुंगरू वाजते, तेव्हा आम्ही पार्श्वसंगीत पूर्णपणे थांबवले होते. हल्लीच्या मालिकांत प्रत्येक वळणावर जो ढोल बडवला जातो, तो ऐकताना मला ती शांतता हटकून आठवते.

सर्वांत अधिक श्रम मात्र जिन्याने घेतले. प्रयोगशाळेतले प्रसंग एका रविवारी आणि जिन्यावरचे दुसऱ्या रविवारी चित्रित केलेले, उजेडही निराळा. मग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत, हे प्रेक्षकाला पटवायचे कसे? आलटून-पालटून दोन ठिकाणे दाखवण्याची रीत अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९०९ च्या लघुपटांपासून रुळलेली आहे, पण आमच्या बाबतीत नुसते तुकडे जोडून ते साधत नव्हते. शाळा रेल्वेमार्गापासून जवळ असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक टेपमध्ये लोकलचा भोंगा शिरला होता आणि ध्वनिमुद्रण वाया गेले म्हणून आम्ही हळहळत होतो. सरांनी त्यांतला एकच भोंगा निवडला, तो प्रयोगशाळेतल्या दृश्यावर सुरू केला आणि न तोडता जिन्यावरच्या दृश्यावर संपवला. त्या एका आवाजाने दोन रविवार एक झाले. मग दृश्यांची लांबी कमी करत नेली: आधी सहा सेकंद, मग तीन, मग जेमतेम एक. प्रत्यक्षात मिनिटभरात चढून होणारा तो जिना पडद्यावर अडीच मिनिटे चालला, आणि तरीही तो लांबला असे कोणी म्हणाले नाही. पाचवीची मुले तर ‘अरे, मागे बघ!’ असे पडद्याकडे पाहून ओरडत होती. कॅमेरा तिरका धरण्याची हौस मात्र सरांनी एकाच चौकटीपुरती भागवू दिली, आणि ते योग्यच झाले.

शेवटी दार उघडून चोराला पकडणारे शिपाईमामा म्हणून आपल्या शाळेचे शिपाईमामाच उभे राहिले. अभिनय करा म्हटले की ते भुवया उंचावत, म्हणून सरांनी त्यांना काहीही न करता केवळ समोर पाहत राहायला सांगितले. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास नट मोझुखिन यांचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला होता आणि त्यात प्रेक्षकांना कधी भूक, तर कधी शोक दिसला, असे सांगतात. आम्ही मामांच्या चेहऱ्याआधी चोराच्या हातातली ढाल दाखवली आणि नंतर खाली पडलेले घुंगरू. संमेलन संपल्यावर पालक मामांना गाठून त्यांच्या रोखलेल्या नजरेचे कौतुक करत होते, आणि मामा प्रत्येकाला मोठ्या प्रामाणिकपणे सांगत होते की, चित्रीकरणाच्या वेळी समोर फक्त भिंतीवरचे कालनिर्णय होते आणि ते संकष्टी कधी आहे ते पाहत होते.