एक रेष कमी

मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर पोर्ट्रेट काढणारे बसतात. त्यांच्या पाठीमागे उभं राहून बघत बसायची मला खोड आहे. आतलं प्रदर्शन बघायचं म्हणून डोंबिवलीहून निघायचं आणि बाहेरच तासभर रमायचं. परवा दुपारी तिथे स्टुलावर चारेक वर्षांची मुलगी बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, एक चप्पल खाली पडलेली, हातात कुल्फीची नुसती काडी. समोरून आईचं "पिल्लू, काकांकडे बघ, हलू नकोस" असं अखंड चाललं होतं, त्यामुळे पिल्लू आईकडेच बघत होतं.

चित्रकाराचा हात तयार होता. चारकोलची कांडी आडवी धरून त्याने डोक्याचा घेर टाकला, मग डोळे, नाक, ओठ. बघता बघता पोरगी कागदावर आली. तिथे थांबला असता तर! पण गिऱ्हाइकाला पैशाचं काम दिसायला हवं, असं त्याच्या मनात आलं असावं. त्याने नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी हलकीशी रेघ ओढली. डोळ्यांखाली बोटाने जरा छाया फिरवली. हनुवटीखाली काळं भरलं. आई खूश. मुलीने कागद दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही मावशी आहे."

"अगं, तूच आहेस ती."

"नाही. मावशी." आणि विषय मिटवून ती पुन्हा काडी चोखायला लागली.

पोरगी शंभर टक्के बरोबर होती. लहान मुलांच्या चेहऱ्यावर रेषाच नसतात हो. मोठ्या माणसाचं पोर्ट्रेट त्या मानाने सोपं, असं माझं मत आहे, जाणकारांनी खुशाल हाणून पाडावं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर धरायला जागा असते. कपाळाच्या आठ्या, गालाचे खड्डे, नाकाचं हाड, सगळीकडे चारकोल कसा मस्त लागतो. मुलाचा चेहरा म्हणजे नुसता गोल वळत गेलेला उजेड. कपाळ भलं मोठं, डोळे डोक्याच्या अर्ध्याच्याही खाली, नाकाला हाड असल्याचा पुरावा नाही, जबडा अजून व्हायचाय. त्यावर हात जरा जड पडला की वय वाढलं. नाकाशेजारची एक रेघ म्हणजे दहा वर्षं. डोळ्यांखालची छाया म्हणजे लग्न, नोकरी आणि सकाळची आठ पन्नासची फास्ट.

म्हणून मुलांच्या चित्रात कांडीपेक्षा पुट्टी रबर, म्हणजे कणकेसारखा मळता येणारा खोडरबर, जास्त चालवायचा. कागदावर आधी कोळशाची पूड हलकी चोळून घ्यायची आणि मग रबराने गाल उचलायचे, नाकाचा शेंडा उचलायचा, खालच्या ओठावरचा ओला ठिपका उचलायचा. खोडरबर १७७०च्या सुमाराला आलं, त्याआधी चित्रकार हेच काम पावाच्या गराने करत. स्टुडिओतल्या शिकाऊ पोरांनी त्यातलं किती पुसायला वापरलं आणि किती पोटात घातलं, याची नोंद कुणी ठेवली नसेल.

मी पहिलं पोर्ट्रेट काढलं ते बंबातल्या कोळशाने. धाकटा भाऊ तेव्हा तान्हा होता, दुपारी ओटीवर गोधडीवर झोपलेला. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी त्याच्या शेजारी पालथी पडले. मुठी, मिटलेले डोळे, वरचा ओठ मधूनच झोपेत दूध प्यायल्यासारखा हलायचा तो. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात आजी आली. तिने चित्र पाहिलं, एक शब्द बोलली नाही, आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. आधी भावाच्या गालाला तीट लावली. मग वाकून चित्रातल्या गालालाही लावली. आणि चित्रातली मोठी होती.

"बिघडवलंस ना!" म्हणून मी भोकाड पसरलं.

"बिघडायलाच हवं," आजी म्हणाली. "म्हणून तर लावली."

यावर काय बोलणार? काजळही काजळीच, कोळशाचीच बहीण. पुढे कितीतरी वर्षांनी मी फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने काढलेलं त्याच्या मुलाचं, निकोलासचं चित्र पुस्तकात पाहिलं. १६१९च्या सुमाराचं, मूळ व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. काळा, लाल आणि पांढरा, एवढ्या तीन खडूंत अख्खं बाळ. गालाला लाल खडू असा लावलाय की हात लावला तर गरम लागेल. आणि गळ्यात पोवळ्यांची माळ. तेव्हा युरोपात लहान मुलांना दृष्ट लागू नये, आजारपण येऊ नये, म्हणून पोवळी घालत. म्हणजे तिथेही कुणाची तरी आजी होतीच. फरक इतकाच की रुबेन्सच्या चित्रावर तिचा हात चालला नाही.

रंगीत खडूचं मला आकर्षण वाटायला लागलं ते मात्र रुबेन्समुळे नाही, आमच्या चित्रकलेच्या सरांमुळे. शाळेच्या दारातून आत शिरलं की दर्शनी फळा. त्यावर जयंत्या-पुण्यतिथ्यांना सरांचं फलकलेखन असायचं. आदल्या संध्याकाळी सर एका वाटीत पाणी घेऊन बसत. खडू पाण्यात बुडवून ओढला की ओला असताना रंग दिसतच नाही, वाळला की एकदम उमलतो. त्यामुळे सर जे काढायचे ते त्यांना स्वतःलाही अर्ध्या तासाने कळायचं. आम्ही दोघी-तिघी दप्तरं पायाशी टाकून बघत उभ्या. सरांचा उजवा हात कोपरापर्यंत गुलाबी.

एका चौदा नोव्हेंबरला मात्र त्यांनी नेहरू काढलेच नाहीत. मुलं काढली, आमच्यातलीच. सातवीतली दोन रिबिनींची एक, कान पुढे आलेला एक आणि आमच्या वर्गातली एक लख्ख काळी मुलगी. खडूच्या पेटीत रंग असून असून किती? गुलाबी, पिवळा, निळा, हिरवा, पांढरा. तिचा रंग कुठून आणणार याची आम्हाला उत्सुकता. सरांनी तो आणलाच नाही. तिच्या कपाळावर थोडा पिवळा, गालाच्या उंचवट्यावर निळसर एक पट्टा, नाकावर ठिपका, डोळ्यांत पांढरं. बाकी सगळा फळाच ठेवला. आणि ती हसत होती! कागदावर कोळशाने आपण सावली काढतो, फळ्यावर उजेड काढावा लागतो, हे मला पुढे केव्हातरी सुचलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की तीन मुलांत तीच सगळ्यांत जिवंत आहे. तिला मात्र ते आवडलं नव्हतं. तिला गुलाबी व्हायचं होतं. दोन दिवसांनी शिपाईकाकांनी ओल्या फडक्याने सगळं पुसलं आणि 'शिस्त हाच यशाचा पाया' असं काहीतरी वर आलं.

गंमत म्हणजे याच सरांकडे आम्ही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी करायचो. त्या परीक्षांच्या स्मरणचित्रात बाजार, बसस्टॉप, पतंग उडवणारी मुलं सगळं यायचं, पण एकाही माणसाला चेहरा नसायचा. नुसता अंडाकृती गोल, वर केस. वेळ पुरत नाही, आणि चेहरा चुकला तर मार्क जातात, असा सल्ला होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकांमधून बिनचेहऱ्याची मुलं अजून पतंग उडवत असतील.

चेहऱ्याची भीती तशी बरोबरच आहे, त्यात हसरा चेहरा तर विचारूच नका. हल्ली ओळखीतले लोक मोबाइलवर फोटो पाठवतात, "आमच्या आर्याचं एक काढून द्या ना." फोटोत आर्या कॅमेऱ्याकडे बघून सगळे दात दाखवते. दात सुटे सुटे काढले की मक्याचं कणीस होतं, नाही काढले तर तोंडाचं बोळकं. मुळात ते हसू आर्याचं नसतंच, "चीज म्हण" असं म्हणणाऱ्याचं असतं. त्यावरून चित्र काढायचं तर दुसऱ्याच्या हुकमाची नक्कल करत बसायचं. मी नाही म्हणते. माणसं दुखावतात, दुखावोत.

माझ्या मते सगळ्यांत उत्तम मॉडेल म्हणजे रुसलेलं मूल. जेवायला बोलावलंय, जायचं नाहीये, कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसलंय. खालचा ओठ पुढे, भुवया नसलेल्या कपाळावर भुवयांचा आव, एक डोळा तिरका करून कुणी बघतंय का याची खात्री. असं मूल चांगली पाच-दहा मिनिटं हलत नाही, कारण हललं तर हरलं. दुसरं चांगलं मॉडेल म्हणजे मुंगळा बघणारं मूल. फ्रेंच चित्रकार शार्दाँचं भोवरा बघणाऱ्या मुलाचं चित्र आहे, १७३८चं, पॅरिसला लूव्रमध्ये. टेबलावर भोवरा फिरतोय, शेजारी पुस्तकं आहेत, त्यांच्याकडे पोराचं लक्ष नाही आणि आपल्याकडे तर नाहीच. ते तैलचित्र. म्हातारपणी तैलरंगांनी त्याच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला तेव्हा तो पेस्टलकडे वळला, म्हणजे आपल्या रंगीत खडूंच्याच थोरल्या पातीकडे. (शाळेत मिळतात ती तेलकट ऑइल पेस्टल वेगळी, त्यांनी गाल काढून बघा, मेणाचे होतात.)

मोबाइल हातात दिलेलं मूलही स्वस्थ बसतं, तेव्हा कुणाला वाटेल की बरं झालं, आता बसून काढता येईल. मी काढून पाहिलं आहे. खालून निळसर उजेड, पापण्या अर्ध्या, तोंड उघडं. चित्र हुबेहूब येतं आणि टांगावंसं वाटत नाही.

मुलांच्या चेहऱ्यावर रेघ मारायची नाही, हा माझा नियम मोडून टाकणारी एकच बाई मला माहीत आहे, जर्मन चित्रकार केथे कोल्विट्झ. जन्म १८६७, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या चित्रकार धुरंधरांच्याच सालचा. नवरा बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका आणि त्यांची कडेवरची पोरं ही तिची मॉडेलं. पहिलं महायुद्ध संपलं, मग १९२३मध्ये जर्मनीत पैशाला कागदाचीही किंमत राहिली नाही, त्या सुमाराला तिने 'जर्मनीची मुलं उपाशी आहेत' असं पोस्टर केलं. मुलं रिकामी भांडी वर धरून उभी आहेत. डोळ्यांखाली काळं आहे. गाल आत गेले आहेत. त्या फुटपाथवरच्या चित्रकाराने नकळत जे केलं ते सगळं तिने जाणूनबुजून केलंय, कारण ते समोर होतं. रेघ हाताने मारलेली नव्हती, भुकेने मारलेली होती.

तिचं त्याआधीचं, १९०३चं, एक काम आहे. मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली आई. त्यासाठी मॉडेल कुठून आणणार? तिने आपल्याच धाकट्या मुलाला, पेटरला, मांडीवर घेतलं आणि समोर आरसा ठेवून काढायला बसली. तो सात वर्षांचा. त्या अवघडलेल्या बैठकीत कळ येऊन ती कण्हली, तेव्हा पेटरने आपल्या बारीक आवाजात तिला धीर दिला की आई, काळजी नको करूस, चित्र छान होणार आहे. हे तिनेच पुढे एका पत्रात लिहिलंय. मेल्याचं सोंग घेतलेल्या मुलाने तोंड उघडलं ते आईची समजूत घालायला. १९१४मध्ये युद्ध सुरू झालं, पेटरला सैन्यात जायचं होतं. वय लहान, वडिलांची परवानगी लागत होती. वडील नाही म्हणाले. शेवटी आईने रदबदली केली. ऑक्टोबरमध्ये तो बेल्जियममध्ये मारला गेला, अठरा वर्षांचा.

हे वाचल्यापासून चित्र काढताना मुलांना "हलू नकोस" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हलू देत. डोकं फिरवू देत, उठून पाणी पिऊन येऊ देत, कागदावर दोन कान जास्तीचे येतात ते येऊ देत. अंधश्रद्धा म्हणालात तरी चालेल, आजी काही फक्त भावाचीच नव्हती.