ऑईलचा दिवा

डॉक्टरांनी ट्रॅकवर गाडीत मोबाईल लावून काढलेला व्हिडिओ मी आतापर्यंत वीसेक वेळा तरी बघितला असेल. पुढच्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्याकडं माझं लक्षच नसतं. खाली मीटरमध्ये ऑईलचा लाल दिवा आहे, नजर तेवढ्यावर.

गाडी २००३ची मारुती एस्टीम. डॉक्टर दातांचे. वडिलांनी घेतलेली गाडी विकवेना आणि वेगाचा नाद सुटेना, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या शेडवर आले. मागणी सरळ होती. सोमवार ते शनिवार दवाखाना, वर्षातून दोन-तीनदा कोईमतूरचा कारी ट्रॅक, आणि तिथंही ट्रकवर घालून न्यायची नाही, हजारेक किलोमीटर स्वतः चालवत जायचं. "मिस्त्री, रेसचं इंजिन नको. पण रेसला गेलो तर लाज जाऊ नये."

लोकांना वाटतं हे सोपं काम. नुसत्या रेसच्या इंजिनाला फक्त एका रविवारी जगायचं असतं, नंतर ते उघडलंच जातं. याला मात्र एसी लावून दसरा चौकात उभंही राहायचंय आणि दुसऱ्या दिवशी मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर ओरडायचंय. कॅम जास्त 'गरम', म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, घातला की नुसती उभी असतानाही गाडी थरथरते, घरातली मंडळी बसायला तयार होत नाहीत. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा-पेट्रोल किती दाबतो ते, जास्त चढवलं की हायवेवरच्या कुठल्या तरी पंपाचं पेट्रोल घेऊन घाट चढताना नॉकिंग सुरू, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके. इकडं गिऱ्हाईक येतं तेच मुळी "आवाज वाढवा" म्हणत. डॉक्टरांनी आवाजाचा विषयही काढला नाही, म्हणून मी हे काम जीव लावून केलं.

मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ७४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५.५. बोअर झिजला होता, म्हणून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घातले. आमच्याकडं ब्लॉक मशीनवर ठेवतात आणि बोअर मारून मोकळे होतात. पण हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित ओढला जातो आणि गोल मारलेला बोअर गोल राहत नाही. म्हणून मी जाड लोखंडाची प्लेट करून घेतली आहे. ती हेडच्या जागी त्याच टॉर्कला आवळायची आणि मग होनिंग, म्हणजे बोअरची शेवटची घासाई, करायची. होनिंगवाला दर वेळी कुरकुरतो, एका ब्लॉकला तुमच्यामुळं अर्धा दिवस जातो म्हणून. जाऊ दे.

मग हेड. त्यातली प्रत्येक सिलेंडरवरची पोकळी मोजायला व्हॉल्व्हला ग्रीस लावून बसवायचे, प्लग आवळायचा, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवायची आणि ब्युरेटमधून रंगीत रॉकेल थेंब-थेंब सोडायचं. हवेचा बुडबुडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. चार पोकळ्यांत सव्वा सीसीचा फरक निघाला. आता एक सिलेंडर ३२९ सीसीचा, मला कॉम्प्रेशन हवं होतं १०.३, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सगळी मिळून साडेपस्तीस सीसीच्या आसपास. तिथं सव्वा सीसी म्हणजे एक सिलेंडर वेगळंच इंजिन झालं. दोन संध्याकाळी बसून ग्राइंडरनं चारही सारख्या केल्या, मग हेडला फेस मारला, म्हणजे तळ घासून सपाट केला. शेजारच्या शेडमधली पोरं हसत होती, मिस्त्री दवाखाना उघडणार म्हणून. पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथं बसतो त्या बिगेंड बेअरिंगची फट प्लास्टिगेजनं (दाबून फट मोजायचा मऊ धागा) चारही ठिकाणी मोजली, ०.०४ मिलिमीटर आली. नंतर जे गेलं ते यातलंच एक बेअरिंग.

यादीत अजून एक काम होतं. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या ऑईलच्या चेंबरमध्ये आडवे पत्रे. लांब वळणात गाडी एका बाजूला ओढली जाते तसं चेंबरमधलं तेलही एका भिंतीवर चढतं आणि मधला स्ट्रेनर, म्हणजे पंपाची तेल ओढायची जाळी, उघडा पडतो. पंप काही थांबत नाही, तो हवा ओढतो आणि तीच बेअरिंगला पाठवतो. सहा हजारांवर क्रँक सेकंदाला शंभर फेरे मारतो. तेल अडवायला स्ट्रेनरभोवती पत्र्याची चौकट आणि आत उघडणारी झडप वेल्ड करायची, एका दिवसाचं काम. पण वेल्डर गावाकडं म्हाईला गेला तो आठ दिवस आलाच नाही आणि डॉक्टरांची तारीख जवळ आली. अर्धा लिटर तेल जास्त ओतलं की या खेपेला भागेल, अशी माझी समजूत मीच घातली.

आठशे किलोमीटर रनिंग-इन, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन बेतानं चालवून रुळवणं, झाल्यावर डॉक्टर तेल बदलायला आले. म्हणाले, "सिग्नलला उभं राहिलं की ऑईलचा दिवा मिणमिणतो ओ." मी रेस दिली, दिवा गेला. तेलाचं प्रेशर पडलं की दिवा लावणारा स्विच जुनाच ठेवला होता, त्याची वायरही ढिली दिसली. प्रेशरचं घड्याळ समोरच खिळ्याला लटकत होतं. स्विच काढायचा, घड्याळ लावायचं, गरम इंजिनावर काटा बघायचा, दहा मिनिटांचं काम. बाहेर तीन गाड्या थांबल्या होत्या. मी म्हणालो, "स्विच म्हातारा झालाय. लक्ष देऊ नका, आल्यावर बदलू."

कारीवरून रात्री फोन आला तेव्हा डॉक्टर लहान पोरासारखे बोलत होते. गाडी कशी खेचली, कुणाला मागं टाकलं. हा ट्रॅक ज्यांच्या नावानं आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी रचली होती, म्हणून तिथं आपली साधी मारुती नेताना मला उगाच अभिमान वाटत होता. त्या रात्री झोप चांगली लागली.

परतीचा फोन तवंदी घाटातून. "मिस्त्री, काहीतरी वाजतंय." मी म्हणालो मोबाईल बॉनेटजवळ धरा. टक टक टक टक. रेस दिली की वाढत होतं. "बंद करा. आत्ता. एक मीटर पण पुढं नेऊ नका." निपाणीहून टोईंग करून गाडी आणली.

तेल काढलं तर ट्रेमध्ये चमकी. फिल्टर कापला, घडीघडीत चमकी. चेंबर उतरवला, तिसऱ्या सिलेंडरच्या बिगेंडची कॅप काढली. बेअरिंगच्या शेलवरचा राखाडी थर गेला होता, खाली तांबं लालभडक उघडं, कडेला धातू पसरून पापुद्रा आलेला. क्रँकवर नख फिरवलं की अडकत होतं. बाकीची तीन बेअरिंगं ओरखडलेली होती, पण शाबूत. पिस्टन, रिंगा, हेड, सगळं मी ठेवलं होतं तसं सुंदर. बघवत नव्हतं.

डॉक्टर समोर उभे होते. विचारलं, ट्रॅकवर दिवा लागला होता का?

"लागत होता की. पण तुम्हीच म्हणाला होता ना, लक्ष देऊ नका."

आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर मलाही काहीतरी बोलता आलं असतं.

मग त्यांनी व्हिडिओ दिला. पहिल्या दोन लॅपला काही नाही. तिसऱ्याला लांबट वळणात पापणी लवावी तसा लाल ठिपका. मग दर लॅपला, त्याच वळणात, जरा जास्त वेळ. तेल गरम होऊन पातळ होत गेलं असणार. अकराव्या लॅपला वळणात शिरताना लागतो तो सरळ रस्त्यावर येऊनच विझतो. ढिली वायर खड्ड्यात मिणमिणते, तिला वळण कळत नाही. आणि कंपनीचा स्विच दिवा लावतो तेच प्रेशर जवळजवळ संपल्यावर. सहा हजारांवर चार किलो प्रेशर तरी हवं, हा अर्ध्या किलोच्या खाली जाईपर्यंत गप्प बसतो.

क्रँक आता ग्राइंडिंगला आहे, पाव मिलिमीटर अंडरसाइजला बसेल असं ग्राइंडिंगवाला म्हणतोय. चेंबरला पत्रे लागले, वेल्डरकडून समोर उभा राहून करून घेतले. डॅशबोर्डवर प्रेशरचं घड्याळ बसवायचं, ते माझ्या खर्चानं. डॉक्टर पैशाचं काही बोलत नाहीत, मीही बिल लिहायला घेतलेलं नाही.

काल दुकान बंद करताना तो जुना स्विच हाती आला. कॉम्प्रेसरची नळी लावली, बॅटरी आणि बल्ब जोडला. हवा चढवली, बल्ब विझला. सोडली, लागला. तीन वेळा केलं. तीन्ही वेळा बरोबर जागी. पंप उघडून मोजलाय, त्यात खोट नाही. वायरचं टोक तेवढं सैल आहे, पण हातानं हलवून बघितलं तर संपर्क तुटत नाही.

म्हणजे सिग्नलला तो कशानं मिणमिणत होता, ते मला अजून सांगता येत नाही.